वन्संच्या माश्या

आमच्या वन्संइतकं माश्यांवर जीव लावणारं माणूस डोंबिवलीत त्यांच्याआधी कधी झालं नाही, आणि इथल्या सोसायट्यांचे कायदेकानू पाहता पुढे कुणी होऊ देईल असंही वाटत नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "वेळ नव्हता" एवढंच सांगत, आणि विचारणाऱ्याला वाटे की खरंच, असेल बाई, नसेल मिळाला वेळ. कल्याणच्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत आणि उरलेला सगळा वेळ फळमाश्यांना देत. फळमाशी म्हणजे केळी जरा जास्त पिकली की भोवती घिरट्या घालतं ते तिळाएवढं चिलट. आपण त्याला फुंकर मारतो. वन्संना त्यांच्याकडच्या प्रत्येक चिलटाची आई, आजी आणि पणजी ठाऊक असे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन या घरात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर उरलेलं दूध ठेवायला मी फ्रीज उघडला, तर आत दुधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या तोंडाला कापसाचा बोळा, आणि आत काहीतरी हलतंय. मी दार लावलं, पुन्हा उघडलं. मागून वन्संचा आवाज आला, "शैला, तो फ्रीज नाही." मी म्हटलं, "मग काय आहे?" त्या म्हणाल्या, "तिथे माश्या राहतात. दूध सारखं तापवत राहायचं, नासत नाही." मेकॅनिककडून त्यांनी त्या फ्रीजची थंडी मुद्दाम कमी करून घेतली होती, कारण माश्यांना फार गारठा सोसत नाही आणि डोंबिवलीचा उन्हाळा तर मुळीच सोसत नाही. आम्हां माणसांना पुढे एक छोटा फ्रीज आला, पण तो फार वर्षांनी, आणि तोही वन्संच्या माश्यांची संख्या वाढल्यावर त्यातला वरचा कप्पा गमावून बसला.

माश्यांचं जेवण आमच्याच स्वयंपाकघरात शिजे. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि चायना ग्रास, मंद आचेवर घोटून घोटून. शेवटी त्यात बुरशी येऊ नये म्हणून एक उग्र वासाचं ॲसिड पडे. ते पडेपर्यंत मात्र त्या पातेल्याला असा काही खमंग वास सुटायचा की ठाण्याहून आलेले माझे चुलतसासरे एकदा आम्ही बाहेरच्या खोलीत गप्पा मारत असताना आत जाऊन वाटीभर खाऊन आले. मिशी पुसत म्हणाले, "खांडवी छान झालीय, फक्त वेलची विसरलात." वन्सं शांतपणे उठल्या, पातेल्यात किती उरलंय ते पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही एका अख्ख्या पिढीचं जेवण खाल्लंत." काका त्यानंतर आमच्याकडे पाणीसुद्धा विचारून पीत.

आंब्याच्या दिवसांत आमच्या घरात आंबा येत नसे. पिकल्या फळाबरोबर बाहेरच्या रानटी माश्या येतात, आणि त्यातली एखादी बोळ्याच्या फटीतून बाटलीत शिरली की कित्येक पिढ्यांचं शुद्ध कूळ एका दुपारीत बाटतं. त्यामुळे आम्ही आंबे जिन्यात खात असू. मी, हे, माझ्या सासूबाई, असे तिघं पायरी-पायरीवर बसून, कोपरापर्यंत रस, आणि येणारेजाणारे वळसा घालून जात. बाठी आणि सालं खाली टाकून, हात साबणानं धुऊन मगच घरात प्रवेश. सासूबाई पहिली दोन वर्षं रडल्या म्हणे. मी आले तेव्हा त्या जिन्यात पाट घेऊन जायला शिकल्या होत्या.

आणि लग्नकार्यात तर वन्संना नेणं म्हणजे एक परीक्षाच. माश्यांचा संकर करायचा तर मादी कोषातून बाहेर आल्यावर थोड्याच तासांत वेगळी काढावी लागते, नर भेटायच्या आत. अशा मादीला शास्त्रात कुमारीच म्हणतात, त्याला वन्सं काय करणार. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात, कल्याणच्या कार्यालयात, पंगत बसता बसता त्या घड्याळ बघून उठल्या आणि नवऱ्यामुलाच्या आईला हात जोडून म्हणाल्या, "मला निघायला हवं, संध्याकाळच्या आत घरी जाऊन कुमारी गोळा करायच्यात." त्या बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी अजून विसरलेले नाही. मी म्हटलं, "कॉलेजचं काम आहे." त्यानं गोष्ट आणखीच बिघडली.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही नेतही होतो. पण नव्वद सालानंतर केव्हातरी वन्संच्या एका बाटलीत पहिली थरथरणारी माशी निघाली, आणि तेव्हापासून वन्सं हसायच्या कमी झाल्या.

तिला पाहिलं तर तिच्यात काही खोट नव्हती. पंख नीट, डोळे लाल टपोरे, सहा पाय जागच्या जागी. पण चालायला लागली की झिंगल्यासारखी चाले, मध्येच थांबून थरथरे. त्या जातीतले नर मादीकडे फिरकत नसत. साधा नर मादी दिसली की एक पंख पसरून तिच्यासमोर गुणगुणतो. हे नुसते तासन्‌तास पाय पुसत बसत. आणि उकाडा जरा वाढला की सगळे उलथे पडत, पाय वर. गारव्यात नेलं की हळूहळू उठत. नर बिनकामाचे असल्यामुळे हे कूळ टिकवायचं ते माद्यांच्या जिवावर. ज्यांच्या अंगात दोष लपलेला असतो पण दिसत नाही अशा माद्या निवडायच्या, त्यांना चांगले नर द्यायचे, आणि त्यांच्या मुलांत पुन्हा थरथरणारे शोधायचे. वन्सं जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून बसत, हातात चित्रकाराचा बारीक कुंचला, समोर ईथरनं बेशुद्ध झालेल्या माश्या, आणि आम्ही पंखा बंद करून, शिंक दाबून, ताटं मांडीवर घेऊन जेवत असू.

एकदा मी धीर करून विचारलं, "वन्सं, पण झालंय काय त्यांना?"

त्यांनी डोळा वर उचलला. "तू ऑफिसात काय करतेस?"

मी ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होते. म्हटलं, "साहेब सांगतात ते टाइप करते."

"साहेबांचं वाक्य तसंच्या तसं?"

"छे. तसंच्या तसं पाठवलं तर घोटाळा होईल. जिथे बदलायला हवं तिथे बदलते."

"साहेबांना सांगून?"

"नाही."

"मग ऐक. जनुकात जे लिहिलंय ते साहेबांचं बोलणं. ते तसंच राहतं. त्याची आरएनए नावाची नक्कल निघते, आणि त्या नकलेवरून पेशी आपली प्रथिनं घडवते. पण मज्जापेशीत, नक्कल निघाल्यावर, तिच्यातलं एखादं अक्षर मुद्दाम बदललं जातं. मज्जातंतूत संदेश जायची जी बारीक दारं असतात ती तेवढ्या एका अक्षरानं वेगळी घडतात, वेगळी उघडतात, मिटतात. हे बदल करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असावं. माझ्या माश्यांत ते नसावं, असं मला वाटतं. अंग सगळं धड, आणि मज्जासंस्था तेवढी बिघडलेली. जनुकाचं बोलणं तसंच्या तसं चाललंय."

मी म्हटलं, "मग कचेरी दोन दिवसांत बंद पडेल."

"बंद पडत नाही," वन्सं म्हणाल्या, "हेच तर विशेष आहे. थरथरत का होईना, चालते." आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात वाकल्या.

मुंबईच्या ज्या संशोधन संस्थेत वन्संनी पूर्वी काम केलं होतं तिथले त्यांचे मार्गदर्शक, त्यांना आम्ही सगळे सरच म्हणत असू, त्यांना हे पटत नव्हतं. ते फार मोठे आणि तितकेच खवचट गृहस्थ होते. म्हणाले, "डोंबिवलीच्या केमिकलच्या हवेनं माणसं थरथरतात, तिथे माश्यांचं काय घेऊन बसलात." वन्संनी उत्तर दिलं की शेजारच्या बाटलीतल्या माश्या तीच हवा खातात आणि मजेत गुणगुणतात; शिवाय हे आईकडून मुलाकडे येतंय, हवेतून नाही. सरांनी ऐकून घेतलं. दरम्यान संस्थेत ठेवायला दिलेल्या वन्संच्या बाटल्यांना बारीक किड्यांची लागण होऊन त्या सगळ्या फेकाव्या लागल्या, आणि ते कूळ जगात फक्त आमच्या घरातल्या त्या फ्रीजमध्ये उरलं. बऱ्याच विनवण्यांनंतर सरांनी एक सोमवार दिला. "माश्या घेऊन या. मज्जातंतूत तार घालून मोजू. मग तुम्ही म्हणता ते खरं की हवा, ते दिसेल."

त्या सोमवारची वाट बघत असतानाच ते प्रकरण झालं.

त्या पावसाळ्यात आमच्या भागात मलेरिया फार होता. महापालिकेची माणसं धुराचं यंत्र घेऊन दोनदा सोसायटीच्या फाटकाशी आली आणि दोन्ही वेळा वन्संनी त्यांना परत पाठवलं. त्या धुरानं डास मरतात तशा माश्याही मरतात. वन्सं काही आडमुठेपणा करत नव्हत्या. त्या म्हणत, "धूर दोन तास टिकतो. डास साचलेल्या पाण्यात वाढतात, ते पाणी काढा." आणि त्या नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. दर रविवारी प्रत्येक मजल्यावर जाऊन लोकांच्या कुंड्यांखालच्या बशा उलट्या करत, गच्चीवरच्या टाकीची झाकणं तपासत, आणि कुळकर्ण्यांच्या शोभेच्या कारंज्यात त्यांना न विचारता रॉकेल ओतून आल्या. सोसायटीचे सेक्रेटरी नाखवाकाका, मूळचे ठाण्याच्या खाडीकाठचे कोळी, गोदीतून निवृत्त झालेले, अतिशय सौम्य गृहस्थ. ते म्हणाले, "ताई शिकलेल्या आहेत. त्या म्हणतात तसं करून बघू." आणि यंत्र परत गेलं.

ऑक्टोबर लागला, ऊन तापायला लागलं, आणि नाखवाकाकांची नात मानसी तापानं पडली. सात-आठ वर्षांची मुलगी, आमच्याच जिन्यात दोरीवरच्या उड्या मारणारी. दोन दिवस नुसता ताप होता. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, तिला दवाखान्यात न्यायला तिचा बाप खांद्यावर घेऊन जिना उतरत होता आणि मधल्या वळणावर तिला आकडी आली. वन्सं त्याच वेळी कॉलेजातून येऊन जिना चढत होत्या. मी दारात उभी होते, मला वरून मानसी आणि वन्सं दोघीही दिसत होत्या. मुलीचं अंग ताठ झालेलं, हात झटके देतोय, डोळे पांढरे. वन्संनी झटके येणाऱ्या किती माश्या आयुष्यात पाहिल्या असतील त्याला गणती नाही. त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

संध्याकाळी कल्याणच्या इस्पितळातून निरोप आला, मलेरिया मेंदूपर्यंत गेलाय, रात्र काढली तर आशा. जिन्यात माणसं जमली. कुळकर्णी आमच्या बंद दाराकडे बघत, आत ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "माश्या जगवल्या. आता पोर जगते का बघा." हे उठून दाराकडे निघाले, तर वन्संनी त्यांचा हात धरला. "बस खाली. चुकीचं काय बोललेत?"

"वन्सं," मी म्हटलं, "धूर मारला असता तर ताप आला नसता, असं कुणी सांगितलंय? डास तिला शाळेतही चावला असेल."

"असेल," त्या म्हणाल्या. "सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही हीच गोष्ट मला आता जन्मभर सोबत घेऊन राहायचीय."

मुलीचे कपडे न्यायला नाखवाकाका घरी आले होते. वन्सं त्यांच्या दारात गेल्या, मी मागोमाग. काका एका हातात फ्रॉक घेऊन कपाटासमोर नुसते उभे होते, कुठला न्यावा ते सुचत नसल्यासारखे. वन्सं म्हणाल्या, "नाखवा, उद्या सकाळी धुराच्या माणसांना बोलवा. सगळे मजले. आमच्या घरातसुद्धा मारू दे."

काकांनी मान वळवून पाहिलं. "ताई, तुमच्या माश्या?"

"माझं मी बघते."

काकांनी हातातला फ्रॉक पिशवीत टाकला. मग म्हणाले, "बरं." त्यांनी ना दोष दिला ना धीर. वन्संना त्यांनी दोष दिला असता तर बरं झालं असतं, हे मला परतताना वन्संच्या पाठमोऱ्या चालण्यावरूनच कळलं.

आता माश्या न्यायच्या कुठे हा प्रश्न होता. मुंबईची प्रयोगशाळा सोमवारपर्यंत बंद, कॉलेजला कुलूप, आणि ओळखीच्या घरांपैकी माश्यांना कुणी दारात उभं करणार नव्हतं. मला माझा भाऊ आठवला. तो रेल्वेत होता आणि ठाकुर्लीला त्याला जुनं दगडी क्वार्टर मिळालेलं होतं. हातभर जाडीच्या भिंती, उंच छप्पर, भर दुपारी आत शिरलं तरी अंगावर गारवा येणारं. आई तिथेच राहत असे. मी म्हटलं, "आईकडे नेऊ."

शनिवारी सकाळी फाटकाशी यंत्र येऊन उभं राहिलं तेव्हाच आम्ही रिक्षात बसलो. बाकीच्या जातींच्या बाटल्या वन्संनी फ्रीजमध्येच सोडल्या. सगळ्या न्यायला जागाच नव्हती. थरथरणाऱ्यांच्या तेवढ्या घेतल्या, ओल्या टॉवेलात गुंडाळून, मांडीवर. जिन्याच्या तोंडाशी पांढरा धूर भसाभसा निघायला लागला तसं वन्संनी मागे वळून पाहिलं नाही. "चला," रिक्षावाल्याला म्हणाल्या.

अंतर तसं काहीच नव्हतं. आम्ही पश्चिमेला, क्वार्टर पूर्वेला, मध्ये ठाकुर्लीचं रेल्वे फाटक. आणि ते बंद होतं. एक मालगाडी फाटकावरच येऊन थांबली होती, सिग्नल मिळत नव्हता. आमच्या पुढे टेम्पो, मागे टेम्पो, बाजूला स्कूटरी. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. वरचं रेक्झिन तापून त्याचा वास यायला लागला. टॉवेल बघता बघता कोरडा झाला. वन्संनी एक बाटली उचलून उजेडात धरली.

आत माश्या पडायला लागल्या होत्या. आधी एक, काचेवरून घसरून खाली. मग बाजूची. पाय वर करून, थरथरत, आणि मग थरथरही थांबली. मी म्हटलं, "गारव्यात गेल्यावर उठतात ना?"

"थोडा वेळ असेल तर," वन्सं म्हणाल्या. "जास्त वेळ झाला तर नाही."

"परत फिरू?"

"कुठे? धुरात?"

मी उतरून फाटकवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "बाई, मालगाडी मी ढकलू का?" मी बाटल्या हातात घेऊन गाडीखालून वाकून जायचं म्हटलं तर वन्सं कडाडल्या, "डोकं फिरलंय का तुझं? माश्यांसाठी मरायचं नाही." त्यांचे हात मात्र बाटल्यांवर असे धरलेले होते, की नखं पांढरी पडली होती.

फाटकाच्या खोलीच्या चिंचोळ्या सावलीत एक कोळीण टोपली खाली ठेवून बसली होती, तीही पलीकडे जायला थांबलेली. टोपलीवर गोणपाट, गोणपाटाखाली बर्फ, बर्फात पापलेटं. वन्संची नजर तिकडे गेली. रिक्षातून उतरून त्या तिच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या. "मावशी, थोडा बर्फ द्याल?"

"कोन आजारी हाय?" तिनं विचारलं.

वन्संनी बाटली पुढे धरली. "या."

कोळणीनं बाटली बघितली, वन्संकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माश्या?"

"हो."

"जलमभर म्हावऱ्यावरच्या माश्या हाकलून माजं हात मोडलं," ती म्हणाली, "न तू माश्यांना बरफ मागतंस?" पण वन्संच्या तोंडाकडे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं गोणपाट बाजूला सारलं, दोन्ही हातांनी बर्फ काढला आणि माझ्या टॉवेलात टाकला. बर्फाचा थेट गारठा बसू नये म्हणून वन्संनी टॉवेलाची घडी मध्ये घेतली आणि बाटल्या त्यावर टेकवून ठेवल्या. टोपलीच्या बाजूला जागा करत ती म्हणाली, "हितं सावलीत ठेव. ऊन लागलं तर बरफ पन जाईल न माश्या पन." आम्ही तिघी त्या सावलीत बाटल्यांभोवती बसून राहिलो. येणारीजाणारी माणसं मासे घ्यायला वाकत आणि माश्या बघून सरळ होत. तिचं गिऱ्हाईक बुडत होतं, पण ती काही बोलली नाही. मालगाडीनं एकदाचा हिसका दिला आणि ती हलली.

आईनं दार उघडलं तेव्हा आमच्या अंगाला येणारा मासळीचा वास घेऊन ती म्हणाली, "बाजार करून आलात?" मी तिला बाजूला सारलं. आतल्या मोरीपाशी, जिथे सगळ्यात गार होतं तिथे, फरशीवर बाटल्या ठेवल्या. आत सगळ्या निपचित. वन्सं गुडघ्यांवर बसून बघत राहिल्या. मग एकदम उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसत म्हणाल्या, "शैला, तू यांच्याजवळ बस. मी कल्याणला जाते."

"आत्ता? आणि या उठल्या नाहीत तर? मी काय करू?"

"तू काय करणार, आणि मी तरी काय करणार. उठल्या तर उठतील. तिथे मुलगी आहे."

त्या गेल्या. मी फरशीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्या माश्यांना दूध नासल्याबद्दल, आंब्यांबद्दल, लग्नातल्या त्या फजितीबद्दल मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या. त्या दुपारी मी एका बाटलीला नाक लावून, श्वास रोखून, एखादा तरी पाय हलतोय का ते बघत होते. आई येऊन म्हणाली, "जेवून घे." मी म्हटलं, "नको." ती म्हणाली, "माश्यांचं सुतक पाळणार का?" आणि मग तीही शेजारी बसली, चष्मा लावून. पहिली हलली ती तिला दिसली. "ती बघ. ती कोपऱ्यातली. पाय झाडतेय." त्यानंतर खूप वेळ काहीच झालं नाही. मग आणखी एक. ती उलटून सरळ झाली, दोन पावलं झिंगत गेली आणि थांबून पाय पुसायला लागली. मला हसू आलं आणि रडूही आलं. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

ऊन उतरल्यावर वन्सं परत आल्या. दारातच थांबल्या. मी माश्यांचं सांगायच्या आधीच विचारलं, "मानसी?"

"डोळे उघडले. आजोबांना ओळखलं." त्यांनी भिंतीला टेकून चपला काढल्या. "पाणी मागितलं तिनं. डॉक्टर म्हणतात, आता भीती कमी झाली."

"आणि काका? काही बोलले?"

"मी बाकावर बसले होते त्यांच्या शेजारी. मग त्यांनी विचारलं, ताई, तुमच्या माश्या वाचल्या का. मी म्हटलं, माहीत नाही." वन्संनी चपला पायानं भिंतीशी सारल्या. "ते म्हणाले, मग इथे का बसलात, जा ना."

"निम्म्याहून जास्त उठल्यात," मी म्हटलं. वन्सं मोरीपाशी गेल्या, खाली वाकून बघितलं, आणि तशाच फरशीवर आडव्या झाल्या, बाटल्यांच्या शेजारी, डोळ्यांवर हात घेऊन.

सोमवारी त्या माश्या मुंबईला गेल्या. सरांनी स्वतः तार घातली. मज्जातंतूत जे संदेश जात होते ते साध्या माशीपेक्षा निराळे होते, कुठल्याही हवेनं झालेले नव्हते, आणि सरांनी यंत्रातून निघालेली नोंदीची कागदाची पट्टी हातात धरून बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "तुमच्या माश्या आजारी नाहीत, असं धरून चालू." त्यांच्या तोंडून हे म्हणजे सत्कारच. पण नकलेतलं नेमकं कुठलं अक्षर बदलायचं राहतंय ते दाखवायचं तर जी यंत्रं आणि जी माणसं लागतात ती वन्संपाशी नव्हती. कॉलेजचे तास, परीक्षेचे पेपर, सासूबाईंचं आजारपण, यांतून त्या जेवढं जमेल तेवढं करत राहिल्या. सर निवृत्त झाले. सोसायटीत धूर नियमानं होऊ लागला, आणि त्या त्या दिवशी वन्सं बाटल्या घेऊन ठाकुर्लीला जात. आई त्यांच्यासाठी मोरी मोकळी ठेवी. मानसी बरी झाली. तिचा उजवा हात बरेच महिने लिहिताना कापायचा, आणि वन्सं रोज संध्याकाळी तिला शेजारी बसवून शुद्धलेखन घालत, हात पूर्ण थांबेपर्यंत.

शतक संपता संपता एका दुपारी वन्सं कॉलेजातून लवकर आल्या. हातात झेरॉक्सचे कागद होते. परदेशातल्या कुणीतरी ते विकर नसलेल्या माश्या तयार केल्या होत्या. त्या धड दिसत, थरथरत चालत, उकाड्यात पडत, मादीकडे फिरकत नसत आणि तासन्‌तास पाय पुसत बसत. वन्संनी ते कागद टेबलावर ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मग घड्या नीट करून बाजूला ठेवले.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"थोडं," त्या म्हणाल्या. "पण खरं निघालं. ते बरं झालं."

थोड्या वेळानं त्या उठून फोनपाशी गेल्या आणि एक नंबर फिरवला. पलीकडून कुणी उचलला तसं आवाज जरा चढवून म्हणाल्या, "मी डोंबिवलीहून बोलतेय. नाही, सहज केला. तुमची तब्येत कशी आहे?" मग गुडघ्यांचं बोलणं झालं, औषधाचं झालं, धाकट्या सुनेचं झालं. त्या नुसत्या हं हं करत होत्या. मला कळलं, सरांच्या घरचा फोन होता. सर जाऊन वर्ष होत आलं होतं. पलीकडून बोलत होत्या त्या सरांच्या पत्नी.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "त्यांना सांगितलं नाहीत?"

"त्यांना काय सांगायचं," वन्सं म्हणाल्या. रिसीव्हरवर ठेवलेला हात त्यांनी बराच वेळ उचलला नाही.